देवरहाटीचे खांब

पालीजवळच्या टेकाडावर सरकारनं जशी इमारत उठवली, तसा थाट त्या मुलखात कुणी पाहिला नव्हता. तांबड्या जांभ्याच्या भिंती, फणसाचे कोरीव खांब, वर किंजळीच्या लाकडाचं छत. उधळावं तर बाई सरकारनंच! आणि खांब कुठले? देवरहाटीतले, देवाच्या राखीव रानातले, जिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीत घालत नाही.

ती झाडं मिळवून दिली जनीनं. तिचा सख्खा थोरला भाऊ दत्ताराम त्या कामावर मुकादम. तो म्हणाला, "जने, दवाखाना होतोय. बाळंतिणींसाठी." जनीची लेक मालन अडली तेव्हा रत्नागिरीच्या दवाखान्याला नेताना वाटेवर डोलीतच गेली होती, पोटातल्या पोरासकट. तिला आणखी काय सांगायला हवं?

पण झाडं तोडायला देव कौल देईना. गुरवानं मूर्तीला पाकळ्या लावल्या की डावीच आधी पडायची, म्हणजे नाही. माणसं उठायला लागली. तेव्हा जनी पदर पसरून पुढं झाली. "देवा, माझी गेली ती गेली. दुसरीची लेक तरी वाचू दे रे!"

उजवी पाकळी पडली. गावानं हात जोडले आणि झाडांवर कुऱ्हाड चालली. मग जनीनं त्या कामावर दगडमाती डोक्यावरून वाहिली, तीही हौसेनं.

इमारत पुरी झाली आणि शेजारची राही अडली. जनीनं डोली थेट टेकाडावर न्यायला लावली. पट्टेवाला दारातच आडवा आला. "कसला दवाखाना? शिकारीला येणाऱ्या साहेबांचा बंगला हा. चला, निघा!"

आतून दत्ताराम आला, डोक्याला नवं पागोटं. यालाही फसवलं असणार, असंच वाटलं हो त्या वेडीला.

"दादा, तुला ठाऊक नव्हतं ना रे?"

"पहिल्यापासून ठाऊक होतं," तो खाली बघत म्हणाला. "पण साहेबाच्या बंगल्याला देवानं झाडं दिली असती काय गो? तुझं रडणं खरं होतं, म्हणून उजवी पडली."

केसानं गळा कापला मेल्यानं, आणि तोही पाठच्या बहिणीचा!

"माझ्या मेल्या लेकीच्या नावानं देवाशी खोटं वदवलंस माझ्याकडून," जनी म्हणाली. "आजपासून तुला बहीण नाही."

भोयांनी डोली उचलून रत्नागिरीची वाट धरली. जनी दांड्याला धरून बाजूनं धावू लागली. पडद्याआडून कण्हत राहीनं विचारलं, "काकी, आला काय गो दवाखाना?"

"नाय गो बाय," जनी म्हणाली. "पुढं हाय."