चाळीस नोटांची खोटी साक्ष

बोलतोय म्हणजे काय, चिडलोय! मी बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डबा कधी चिडतो का, असं विचाराल. तुमच्या पोटात कोणी वर्षभर खोटं कोंबलं असतं, तर तुम्ही काय हसत बसला असता?

जन्म माझा कारखान्यातला. एका ठोक्यात बूड, दुसऱ्या ठोक्यात झाकण, वर दोन घोड्यांचं चित्र. बिस्किटं आठवड्यात संपली. मग माझ्यात बटणं आली, मग औषधं, मग कात्र्या. या घरातली बाई केस कापते. दुकान नाही. स्वयंपाकघरातल्या बुटक्या स्टुलावर गिऱ्हाईक बसतं आणि ती कमरेत वाकून कापते. शेवटचं गिऱ्हाईक गेलं की भिंतीला पाठ टेकून उभी राहते. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, सगळे त्याला मिस्त्री म्हणतात. माणूस वाईट नाही हो. वाईट असता तर तिने लगेच ओळखला असता.

या मिस्त्रीला मोबाइलवर पोकर, म्हणजे पैसे लावून पत्ते, खेळायचा नाद लागला. जेवणाच्या सुट्टीत खेळायचा, संडासात खेळायचा, भाजी आणायला गेला की दुकानाबाहेर उभा राहून खेळायचा. दोनतीनदा चांगलाच आपटला, तेव्हा बाईने मला रिकामा केला आणि टेबलावर ठेवला.

"खेळूच नको असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "पण मोबाइलवरचे पैसे दिसत नाहीत, म्हणून तू उधळतोस. हे दिसतील."

तिने माझ्यात चाळीस नोटा मोजून ठेवल्या आणि नियम सांगितले. एका टेबलावर, म्हणजे एका बैठकीला, दोन नोटांच्या वर मांडायच्या नाहीत. दिवसात दोनदा हरला की मोबाइल बंद. आणि मुख्य म्हणजे, बँकेच्या खात्यातून जेवढे खेळात टाकले, तेवढ्या नोटा त्याच दिवशी माझ्यातून काढून तिच्या हातात द्यायच्या. ती त्या परत खात्यात भरणार. डबा रिकामा झाला की खेळ संपला. कारण खातं दोघांचं होतं, आणि तिला भाड्याने घ्यायच्या दुकानाच्या अनामतीचे पैसे त्यातच साठत होते.

चार महिने मिस्त्री शहाण्यासारखा वागला. हरला की नोटा द्यायचा, जिंकला की तेवढ्या आणून ठेवायचा. मला माझाच अभिमान वाटायचा. घर राखतोय म्हटलं!

मग एका दुपारी लिफ्टच्या मोटारीच्या खोलीत बसून खेळताना त्याच्या हातात दोन राजे आले आणि शेवटच्या पानाने घात केला. हरण्यात काही नाही, पत्ते म्हटले की हरणं आलंच. पण हा पेटला. "आजच्या आज भरून काढतो," म्हणत नियम धाब्यावर बसवून सहा नोटांचं टेबल धरलं. तेही गेलं. घरी आला, मला उघडलं, नोटांना हात लावला आणि थबकला. नोटा तिच्या हातात द्यायच्या म्हणजे हरलो हे तोंडाने सांगायचं. त्याला तेवढं जमेना. नोटा तशाच ठेवल्या आणि खाली एक चिठ्ठी सारली: "आठ नोटा, उद्या देतो."

उद्या कुठला यायला! दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर चाळीस नोटा. "आहेत की अजून," मेला स्वतःशीच म्हणाला. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. अरे, या नोटा तू कधीच हरलास! त्याच चाळीस नोटा तो वर्षभरात सहा वेळा हरला आणि प्रत्येक वेळी त्या जागच्या जागी. खाली चिठ्ठ्या वाढत गेल्या, खातं आटत गेलं, आणि बँकेचे मेसेज यायचे त्याच्याच मोबाइलवर. बाई अधूनमधून डोकावायची, वरच्या नोटा मोजायची आणि म्हणायची, "हात आवरलास रे. बरं वाटलं." तो मान खाली घालून चहा ढवळायचा. आणि मी? साक्षीदार मीच होतो, तोही खोटा! पत्र्याला ओरडता येत नाही, याचा एवढा संताप मला कधीच आला नव्हता.

कोपऱ्यावरच्या दुकानाची अनामत भरायला ती गेली, त्या दिवशी खात्यात निम्मेही पैसे नव्हते. घरी येऊन तिने मला टेबलावर उपडा केला. सत्तावीस चिठ्ठ्या पडल्या.

"वाच," ती म्हणाली.

"अगं, ऐकून तरी घे..."

"मोठ्याने वाच."

त्याने सगळ्या वाचल्या. बाविसाव्या चिठ्ठीला तो अडला, तरी तिने थांबू दिलं नाही.

खेळ मोबाइलवरून त्याच दिवशी गेला, पगार थेट तिच्या एकटीच्या खात्यात जायला लागला. एका शनिवाराआड तो जादा कामाचे पैसे आणतो, तिला देतो आणि एक चिठ्ठी फाडतो. हे चांगलंच आहे, नाही कोण म्हणतो? पण दुकान गेलं. तिथे आता चप्पलवाला बसतो, आणि बाई बाजाराला जाताना मागच्या गल्लीतून जाते.

गेल्या शनिवारी तीनच चिठ्ठ्या उरल्या. मिस्त्री खूश होता. म्हणाला, "आता या तीन गेल्या की सगळं फिटलं."

बाई स्टुलाभोवतीचे केस झाडत होती. झाडू टेकवून ती हळूहळू सरळ झाली. "पैसे फिटतील," ती म्हणाली. "पण आणखी एक वर्ष मी वाकून केस कापले, ते कुठल्या चिठ्ठीत लिहिलंयस?"

मिस्त्रीने उरलेल्या तीन चिठ्ठ्या उलटसुलट करून पाहिल्या. मग त्याने तिच्या हातातला झाडू घेतला आणि खाली बसून केर भरायला लागला.

लोकहो, खेळायचंच असेल तर जेवढं गेलं तरी दुसऱ्या कोणाला वाकावं लागणार नाही, तेवढंच डब्यात ठेवा. आणि हरलात की त्याच दिवशी, स्वतःच्या तोंडाने घरी सांगा. ते जमत नसेल तर मला हात लावू नका!