म्बाहंचा गायचा पासवर्ड

"झालं! सगळ्याच्या सगळ्या उतरल्या!" वेनिंगने टेबलावर अशी थाप मारली की बशीतले तळलेले तेंपे उडाले.

तिच्या आजोबांनी, म्हणजे म्बाह कार्तोंनी, चष्मा कपाळावर सरकवला. "इतक्यात? आम्हाला त्या वाजवायला अख्खं तारुण्य लागलं, न्दुक," ते लाडाने म्हणाले.

म्बाहंच्या गामेलान वाद्यवृंदाच्या रेकॉर्ड केलेल्या तालमी त्यांचे मित्र पाक सुरादी यांनी एका वेबसाइटवर ठेवल्या होत्या, पासवर्डच्या कुलपात. कुलूप अशासाठी की तालमी म्हणजे तालमी! चुका, खोकले, एकमेकांना शिव्या, सगळं त्यात होतं. आणि त्यातल्याच कुठल्याशा तालमीत, ऐन रंगात आलेली असताना, आजीचा आवाज होता. आजी गेली, कॅसेटी बुरशीने खाल्ल्या. तिचा आवाज आता तेवढाच उरला होता. आणि वेबसाइट आज मगरिबला, सूर्यास्ताच्या नमाजाच्या वेळी, कायमची बंद होणार होती. नेमकी कुठली तालीम, ते म्बाहंना आठवेना. म्हणून वेनिंगने सगळ्या एकदम उतरवणारा डाउनलोडर कामाला लावला होता.

तिने ऐटीत पहिली फाइल उघडली. आवाज नाही. दुसरी, तिसरी... चिडीचूप! फाइली सगळ्या एवढ्याएवढ्याशा आणि अगदी एकाच मापाच्या. एक नीट उघडून पाहिली तर आत पाटी: आधी नाव आणि पासवर्ड द्या.

"अय्यो! या डाउनलोडरला दारातूनच हाकललंय, आणि हा शहाणा दारावरची पाटी गाणं म्हणून घेऊन आलाय! प्रत्येक वेळी!"

"रिकाम्या हाताने नाही आला ना बिचारा," म्बाह म्हणाले.

बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. वेनिंगने सेटिंग्ज धुंडाळली. सापडलं! वेबसाइटचा पत्ता, नाव, पासवर्ड, तिन्हींसाठी चौकटी. एकदा भरल्या की डाउनलोडर दर वेळी आपला आपण ओळख देणार. नाव सोपं होतं.

"पासवर्ड, म्बाह?"

"तो गायचा आहे."

"काय?"

"सुरादी म्हणाला, आकडे तू विसरशील, चाल विसरणार नाहीस." आणि म्बाह चक्क गायला लागले, "लू... मा... नेम... मा..."

गामेलानचे सूर आकड्यांच्या नावांनीच म्हणतात, हे वेनिंगला शाळेतल्या तालमीमुळे तोंडपाठ. तीन, पाच, सहा, पाच. टकाटक टाइप केलं. चूक! पुन्हा. चूक!

"पाक सुरादींना फोन करा ना!"

"मक्केला, उमऱ्याला निघालाय तो. विमानात असेल आत्ता." म्बाहंचा आवाज एकदम लहान झाला. "राहू दे गं. तू केलंस तेवढं पुष्कळ."

"राहू दे काय, म्बाह! पुन्हा गा. आणि हाताने ताल धरा."

म्बाह गाऊ लागले. बोट हवेत थांबलं, मग टेबलावर पडलं: लू. पुन्हा थांबलं, पुन्हा पडलं: मा. वेनिंग त्या थांबणाऱ्या बोटाकडे बघतच राहिली. शाळेत बाई फळ्यावर चाल लिहायच्या तेव्हा रिकाम्या मात्रेला काय काढायच्या?

"टिंब!" ती किंचाळली. "मी नुसते सूर लिहिले, म्बाह, थांबणं लिहिलंच नाही!"

टिंब तीन, टिंब पाच, टिंब सहा, टिंब पाच.

या वेळी फाइली सावकाश, जडशीळ उतरू लागल्या. शेवटची उतरली आणि मशिदीतून बांग सुरू झाली.

नमाज आटोपून दोघं ऐकायला बसली. बऱ्याच तालमी गेल्या. मग एकीत ढोल रंगात आलेला असताना मागून खणखणीत आवाज आला: "अहो, चहा पार निवला! येताय की ओतून देऊ?"

"आलो, आलो!" म्बाह खुर्चीतून अर्धे उठलेसुद्धा.

आणि तसेच, अर्धवट उभे राहून हसायला लागले. हसता हसता चष्मा पुसू लागले.

"बसा, मी टाकते चहा," म्हणत वेनिंग स्वयंपाकघरात पळाली. मागे आजी आता साऱ्या मंडळालाच झापत होती.