जॉन थॉमस गॅननचे वडील

आयर्लंडमधल्या कासलबार गावातून गाडी बाहेर काढली तेव्हा मी चांगली खुशीत होते. शेजारच्या सीटवर वॉल्टर डेल गॅनन, वय त्र्याऐंशी, ओहायोचे शेतकरी. मांडीवर धाकट्या भावाच्या अस्थींची लाकडी पेटी. त्यांचा मूळ पुरुष जॉन थॉमस गॅनन दोनशे वर्षांपूर्वी ज्या शेतातून अमेरिकेला गेला, ते शेत मी शोधून काढलं होतं. त्या मातीत आपल्या अस्थी मिसळाव्यात, ही भावाची शेवटची इच्छा.

अमेरिकनांची आयरिश मुळं शोधून देणाऱ्या एका छोट्या ऑफिसात लागून मला आठ महिने झालेत. एकटीने पार पाडलेलं हे पहिलंच काम. पुण्यात सहा वर्षं मी सातबाऱ्यांच्या संगणकीकरणात घालवली, त्यामुळे जमिनीच्या कागदांना घाबरणाऱ्यांतली मी नव्हे. ऑफिसात हे चारचौघांना ऐकवायलाही मी कमी केलं नव्हतं.

कागद तसे सरळ होते. १८२० साली जॉन थॉमसने ओहायोत सरकारी जमीन घेतली. त्या वर्षीच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीचं घर म्हणजे नुसते आकडे. १८५० च्या जनगणनेत मात्र सगळे नावानिशी होते: जॉन टी. गॅनन, शेतकरी, वय अडुसष्ट, जन्म आयर्लंड. इकडे आयर्लंडच्या मेयो परगण्यात १७८५ चा एक जमिनीचा करार सापडला. कूळ थॉमस गॅनन, मुलगा जॉन, वय तीन. नाव जुळलं, वय जुळलं, मी फाईल बंद केली.

गप्पा म्हणून मी वॉल्टरना विचारलं, डेल हे तुमच्या वडिलांचं नाव का? ते हसले. वडील रॉय. डेल हा वॉल्टरच्या जन्माच्या वेळी बर्फातून चालत आलेला डॉक्टर. मीही हसले, आणि मग हसता हसता थांबले.

जॉन थॉमस म्हणजे थॉमसचा मुलगा जॉन, हे मला कोणी सांगितलं होतं? कुठल्याही कागदाने नाही. मी विभावरी ज्ञानेश, माझी मुलगी रेवा ज्ञानेश. मधलं नाव म्हणजे बाप नाहीतर नवरा, हे इतकं अंगवळणी पडलेलं की ते तपासायचं असतं हेच मला सुचलं नाही. ऑफिसातही मी इतक्या ठसक्यात लिहून दिलं होतं की त्यांना वाटलं, बाईकडे कागद असणार.

१८५० ची यादी डोळ्यांसमोर आली. जॉनचा थोरला मुलगा विल्यम एच. माझ्या हिशेबाने तो विल्यम जे. असायला हवा होता. ते अक्षर मी स्वतः टाइप केलं होतं. या भागात गॅनन पैशाला पासरी आणि जॉन घरटी एक.

शेत अकरा किलोमीटरवर होतं. गप्प बसले असते तर कोणाला कळणार होतं? म्हातारा समाधानाने विमानात बसला असता. पण अस्थी एकदा मातीत गेल्या की परत गोळा करता येत नाहीत. बाबांच्या अस्थिविसर्जनाला मी पोचू शकले नव्हते, तेव्हा भावाला फोनवर दहादा विचारलं होतं, नीट नेल्यास ना, ठरल्या ठिकाणीच सोडल्यास ना. आता मी एका माणसाला परक्याच्या शेतात सोडायला निघाले होते.

फाटकापाशी शेतमालक आमची वाट बघत उभा होता. हवा अगदी ग्रँड, म्हणजे झकास आहे म्हणाला. वॉल्टर उतरले, टोपी काढली, चार पावलं चिखलात गेले आणि पेटीच्या कडीला हात घातला.

"मिस्टर गॅनन, उघडू नका."

मग मी सगळं सांगितलं. आवाज इतका कापत होता की दोन वाक्यं पुन्हा म्हणावी लागली. थॉमस हा जॉनचा बाप, हे मी धरून चालले. आमच्याकडे तसं असतं म्हणून. हे शेत तुमचं असेलही, नसेलही. माझ्याकडे पुरावा नाही.

ते ओरडतील म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले. शेतमालक गाईंकडे बघू लागला.

"मग जॉनचा बाप कोण?" वॉल्टरनी विचारलं.

"मला माहीत नाही."

त्यांनी कडी पुन्हा लावली. परत येणं आपल्याला जमणार नाही, डॉक्टर याच वेळी नको म्हणत होते, असं ते शांतपणे म्हणाले. मग ती पेटी त्यांनी माझ्या हातात दिली. पेटी जड होती.

"तू शोध," ते म्हणाले. "सापडलं की तूच ठेव त्याला."

आमच्यात अस्थी घरात ठेवत नाहीत. संध्याकाळी मागच्या अंगणातल्या सफरचंदाच्या फांदीला मी ती पेटी बांधली, पावसासाठी वरून प्लास्टिक गुंडाळलं. ज्ञानेशने काही न विचारता शिडी धरली. खिडकीतून ती फांदी दिसते, आणि दिसली की मला भीती वाटते. आयुष्यात इतकी कधी वाटली नव्हती.

त्याच खिडकीशी बसून मी नवीन फाईल उघडली. जॉन थॉमस गॅनन, शेतकरी, जन्म आयर्लंड. वडिलांचं नाव: माहीत नाही.