बदलीचा माणूस

"तुम्ही रोज कारखान्यात जाता, मिस्टर पिल्चर. हे फोटो खोटे आहेत का?"

स्वयंपाकघरातल्या टेबलावर किटलीला टेकवून ठेवलेल्या फोनमधून अपील ऐकणाऱ्या बाई बोलत होत्या. आवाज चांगला होता, अगदी मऊ, आणि म्हणूनच मर्वला जास्त धडकी भरत होती. रागावलेल्या माणसापुढं कसं बसायचं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. अख्खं आयुष्य फोरमनच्या हाताखाली गेलं होतं.

"खरे आहेत," मर्व म्हणाला.

शेजारी बसलेल्या ग्लेनिसनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, कपाळावर हात मारून घेतला. पण आवाज न करता.

भानगड अशी होती. नदीकाठचा कागदाचा कारखाना बंद पडला, टास्मानियातल्या त्या गावातली निम्मी माणसं समुद्र ओलांडून ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर गेली, आणि उरलेल्यांसारखा मर्वही बेकारभत्त्यावर आला. मग कोणा भल्या माणसानं वर कळवलं, की हा बाबा कामाचे कपडे घालून, डबा घेऊन, रोज दुपारी तीनच्या पाळीला आत जातो. फाटकावरच्या कॅमेऱ्यात सगळं होतंच. भत्ता बंद. आता अपीलही हरलं, तर हे भाड्याचं घर सोडायचं आणि मेलबर्नला ग्लेनिसच्या बहिणीच्या गॅरेजवरच्या खोलीत राहायला जायचं. त्या बहिणीपेक्षा फोरमन परवडला, असं मर्वचं मत होतं.

मर्वला कारखाना बंद झाल्याचं अजून कोणी सांगितलंच नाही वाटतं, असं म्हणून पबमध्ये लोक हसले. मर्वही हसला. त्याच्याकडची किल्ली परत मागायलासुद्धा कोणी उरलं नव्हतं.

खरं कारण त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं. कारखान्यात एक नियम होता, कुठं लिहिलेला नाही, पण प्रत्येकाच्या हाडात मुरलेला. बदलीचा माणूस आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. घरी पोर जन्माला येत असो, नाहीतर पोटात कळा येत असोत. वॉली नावाचा एक कामगार असाच बदलीची वाट बघत दोन नंबरच्या मशीनपाशी उभा होता, तेव्हा कागद ओढणाऱ्या रुळांनी आधी त्याची बाही धरली, मग हात, मग सगळाच वॉली. संध्याकाळी मशीन धुऊन पुन्हा चालू केलं. तेव्हापासून पाळीला येणारा प्रत्येक जण तिथं थांबून म्हणायचा, "आलो रे वॉली." कारखाना रात्रंदिवस चालायचा, नाताळातसुद्धा, त्यामुळं वॉली कधी एकटा पडला नाही. आता तिथं कबुतरं होती आणि अंधार. गार लोखंडावर मर्वनं हात ठेवला, की उभं राहून राहून दमलेल्या कोणीतरी हळूच श्वास सोडल्यासारखं व्हायचं.

बाईंनी एकेक विचारलं. कोणी बोलावतं का? नाही. कोणी पैसे देतं? नाही. मग आत करता काय? बसतो, डबा खातो.

"आत तुमच्याबरोबर कोणी असतं?" बाई थांबल्या. मग अगदी सावकाश म्हणाल्या, "नीट विचार करून सांगा. कोणी असेल, तर मला ते काम धरावं लागेल. पण रिकाम्या इमारतीत बसून डबा खाण्याला कोणी नोकरी म्हणत नाही."

बाईंनी दार उघडून दिलं होतं, फक्त पाऊल टाकायचं होतं. पण मर्व म्हणजे क्रिकेट खेळताना पंचानं नाबाद दिलं, तरी चेंडूला बॅटची कड लागली असेल तर आपण होऊन चालता होणारा माणूस.

"सांग ना रे," ग्लेनिस कुजबुजली. "एवढंसं तर आहे."

"मिस्टर पिल्चर?"

"कोणी नसतं," मर्व म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "तिथं कोणी नाही."

भत्ता पुन्हा सुरू होईल, बाईंनी सांगितलं, आणि यापुढं आत जाऊ नका, छप्पर धोक्याचं आहे. ग्लेनिस रडली, हसली, मर्वच्या टकलाचा मुका घेतला, आणि आम्ही येत नाही गं, हे बहिणीला अगदी चवीचवीनं सांगायला फोन घेऊन बाहेर गेली. मर्व मोरीपाशी उभा राहून बराच वेळ हात धूत होता.

तीनच्या सुमाराला त्यानं लोकांच्या अंत्यविधीला घालायचा काळा कोट अंगात चढवला आणि डबा न घेताच निघाला. ग्लेनिसनं खिडकीतून पाहिलं. हाक मारली नाही.

आत तो फार वेळ थांबला नाही. बाहेर आला, तेव्हा मागून कोणी येत असावं तसं फाटक त्यानं गरजेपेक्षा जास्त वेळ उघडं धरलं. मग कुलूप लावलं आणि किल्ली फटीतून आत टाकून दिली.

नदीकडचा फुटपाथ अरुंद आहे. समोरून कुत्र्याला घेऊन येणारी बाई थांबली, मर्व भिंतीकडे सरकेल म्हणून. मर्व सरकला नाही. भिंतीलगतची जागा मोकळी सोडून तो रस्त्याच्या अगदी कडेनं चालत राहिला, नेहमीपेक्षा हळू, अधूनमधून थांबत. शेवटी ती बाईच कुत्र्याला घेऊन रस्त्यावर उतरली.