तळ्याच्या वाडीची बातमी

मी एक जुनी सायक्लोस्टाइलची मशीन आहे. मित्रांनो, तुम्ही मला ओळखणार नाही. पण तुमच्या आजोबांना विचारा, मला पाहून त्यांना घाम फुटायचा. त्यांच्या सहामाही-वार्षिकचे पेपर माझ्याच पोटातून निघत.

माझी रचना आधी सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. एक लोखंडी पिंप, आत काळी शाई आणि बाजूला फिरवायला दांडा, एवढाच माझा संसार. मेण लावलेल्या पातळ कागदावर टाइपरायटरनं अक्षरं उमटवली की मेणाला बारीक छिद्रं पडतात. त्या कागदाला स्टेन्सिल म्हणतात. तो माझ्या पिंपावर ताणून बसवायचा आणि दांडा फिरवायचा. छिद्रांतून शाई झिरपते आणि खालून सरकणाऱ्या प्रत्येक कोऱ्या कागदावर तीच अक्षरं उठतात. खरं असो की खोटं, शंभर वेळा तेच. स्वतःहून एक काना बदलायची ताकद माझ्यात नाही.

माझा जन्म कलकत्त्याकडच्या एका कारखान्यात झाला. भुसा भरलेल्या खोक्यातून मी नांदेडच्या एका शाळेत आले. सतरा वर्षं तिथे राबले. परीक्षा जवळ आली की हेडमास्तर मला खोलीत कोंडून बाहेर स्वतः पहारा देत. एवढा मान तर त्यांच्या पाहुण्यांनाही नव्हता! पुढे शाळेत नवी विजेची मशीन आली आणि मला भंगारात काढायचं ठरलं.

तेवढ्यात लातूर जिल्हा झाला. कालपर्यंत प्रत्येक कामाला उस्मानाबादच्या वाऱ्या करणारं गाव एका पंधरा ऑगस्टला जिल्ह्याचं ठिकाण होऊन बसलं. नव्या पाट्या लागल्या, साहेबांच्या जीपगाड्या फिरू लागल्या, आणि चार भल्या माणसांनी मिळून जनसेवा क्लब काढला. क्लब म्हटला की सोमवारची सभा आली, सभेची घंटा आली, उन्हाळ्यातसुद्धा कोटाला लावायची पिन आली. आणि क्लबची मासिक पत्रिका तर हवीच. 'सेवावार्ता' हे नाव आधी ठरलं, मग ती छापायची कशावर याचा शोध सुरू झाला.

त्या शोधात शेषेराव गुरुजी नांदेडला आले. हायस्कूलमध्ये मराठी शिकवणारे, बारीक अंगाचे, शुद्धलेखनाला देव मानणारे. त्यांनी मला एस.टी.च्या टपावर बांधलं आणि लातूरपर्यंत प्रत्येक थांब्यावर खाली उतरून दोरी तपासली. शेवटी कंडक्टर वैतागून म्हणाला, "गुरुजी, मशीन पळून जाऊन राहिली का? बसा की आत!" मला तेव्हाच कळलं, आपण चांगल्या हाती पडलो.

ते दिवस सुखाचे होते. डोळ्यांची शिबिरं, अनाथाश्रमात घोंगड्या, दरवर्षी त्याच खड्ड्यात नवं झाड. सगळ्यांचा वृत्तांत मी छापला. पण खरं सांगू का, लोक आधी शेवटचं पान उघडत. तिथे 'सभासद वार्ता' असे. कुणाचा वाढदिवस, कुणाचा मुलगा इंजिनिअरिंगला लागला, कुणाला नातू झाला. अध्यक्ष व्यंकटरावांनी घरी फ्रीज आणला हेही नव्या जिल्ह्याला मीच सांगितलं. त्याच पानावर कधी कधी 'दुःखद निधन' असे. त्याच्याभोवतीची काळी चौकट शेषेराव स्वतः सुईसारख्या लेखणीनं स्टेन्सिलवर ओढत. हात थरथरू नये म्हणून श्वास रोखून धरत.

आता एक वाईट खोड सांगते. ती माझी नाही आणि एकट्या शेषेरावांचीही नाही. ती त्या पत्रिकेच्या कामाचीच होती. अंक एक तारखेला सभासदांच्या हाती पडायलाच हवा, आणि कार्यक्रम बहुधा दोन-तीन तारखेला. म्हणून वृत्तांत आधीच लिहिला जाई. "कार्यक्रम उत्साहात पार पडला. आभारप्रदर्शनानंतर अल्पोपहार झाला." पोहे अजून भिजायचे असत! बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, अशातली गत. पण तुरी पुढे खरोखरच बाजारात येत, कार्यक्रम होत, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. एकदा तर पाहुणे आलेच नाहीत आणि त्यांचं भाषण मात्र छापून आलं. त्यांनी "भाषण आवडले" असं आभाराचं पत्र पाठवलं. सगळे हसले. मीही हसले. आज त्या हसण्याची मला लाज वाटते.

जिल्हा होऊन चौथं वर्ष लागलं आणि पावसानं दगा दिला. शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येऊ लागलं. मुरुडकडच्या वाड्या-वस्त्यांत विहिरींचे तळ दिसू लागले. क्लबनं ठराव केला, तळ्याची वाडी दत्तक घ्यायची. नावात तळं, पण वाडीत घागरभर पाणी नाही. व्यंकटरावांनी खटपट करून एक टँकर मिळवला. दोन मेपासून रोज एक खेप टाकायची असं ठरलं. ठरावाच्या वेळी डिझेलसाठी पहिली नोट व्यंकटरावांनी स्वतःच्या खिशातून काढली, हे मी कपाटाशेजारून पाहिलं आहे. माणूस वाईट नव्हता.

शेषेरावांनी तीस एप्रिललाच लिहून टाकलं, "तळ्याची वाडी येथे क्लबचा टँकर रोज सुरू झाला असून ग्रामस्थांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले आहे." त्याच अंकात शेवटच्या पानावर होतं, "आपले सभासद माणिकप्पा यांच्या कन्येचा शुभविवाह दोन मे रोजी थाटात संपन्न झाला." दोन्ही बातम्या मी एकाच दुपारी छापल्या. शाई छान उठली होती. एकशे वीस प्रती निघाल्या. एक प्रत नेहमीप्रमाणे सरकारी कचेरीत गेली.

आणि दोन मेच्या पहाटे माणिकप्पांच्या घरचं बोअर आटलं. दारात मांडव, चारशे माणसांचं जेवण. ते बिचारे धावत व्यंकटरावांकडे गेले. "एक दिवस टँकर द्या, मुलीच्या लग्नाचा प्रश्न हाय." व्यंकटराव म्हणाले, "न्या. वाडीला उद्या पाठवू." टँकर लग्नाला गेला. मांडवातून परतताना त्याचा आस मोडला. उद्याचं परवा झालं, परवाचा आठवडा झाला. टँकर गॅरेजात उभा राहिला, आणि वाडीला निरोप द्यायचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही. शेषेरावांना तर यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं, ते छापून आलं होतं, म्हणजे झालंच असणार! आपल्याच लिहिण्यावर माणसाचा असा विश्वास बसतो.

तिकडे कचेरीत टँकर थोडे आणि गावं उदंड. तिथल्या कारकुनानं आमची पत्रिका वाचली आणि तळ्याच्या वाडीचं नाव टँकरच्या यादीतून काढून दुसऱ्या तहानलेल्या गावाला दिलं. त्याचं तरी काय चुकलं?

चौदा मेच्या दुपारी क्लबच्या खोलीच्या दारात एक म्हातारी उभी राहिली. पायात चपला नव्हत्या. पदराच्या गाठीतून तिनं चार घड्या केलेला कागद काढला. मी तो लांबूनच ओळखला, माझाच होता.

"जयभीम," ती म्हणाली. "शेषेराव मास्तर कोण हायेत?"

"मीच. जयभीम. बसा बाई." शेषेरावांनी माठातलं पाणी तांब्यातून आणलं. तिनं तांब्याकडं पाहिलं, पण हात पुढे केला नाही.

"न्हाई. आमी प्यालो म्हणून तर तुमी छापलंच की."

शेषेरावांना काही उमगेना. ती सांगू लागली. तिचं नाव पारूबाई, तळ्याच्या वाडीची. "आमी सात जणी कचेरीत गेलताव. तिथं म्हणले, तुमच्या वाडीला रोज टँकर येऊन राहिला, ह्या कागदात हाय. कागद मागून आणला म्या. मला वाचता येत न्हाई. म्हणलं, ज्यानं लिवलं त्यालाच इचारावं. कोन्या दिशी आलता टँकर?"

"आला नाही?" गुरुजींनी तांब्या खाली ठेवला.

"एक दिस न्हाई. परवा माझी सून हिरीत उतरली. नागुबाई. तळाला वाटीनं पाणी भरून राहिली होती. निम्मी घागर झाली आन् वरून दरड सुटली." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. सगळंच आटलं होतं. "आता एक काम करा मास्तर. ती मेली म्हणून बी लिवा. न्हाई लिवलं, तर तुमच्या कागदावर ती पाणी पिऊनच राहिली हाय."

मित्रांनो, मी लोखंडाची. पण त्या दिवशी माझं पिंप आतून गार पडलं. ते समाधानी चेहरे मीच छापले होते, एकशे वीस वेळा.

शेषेराव तसेच उठून व्यंकटरावांना घेऊन आले. सोबत माणिकप्पाही आले. पारूबाई भिंतीला टेकून बसली होती. गुरुजी म्हणाले, "आजच खुलासा छापायचा. आणि नागुबाईचं निधन चौकटीत."

व्यंकटरावांनी कपाळ पुसलं. "गुरुजी, मला काय वाईट वाटत नाही? पण ती चौकट सभासदांसाठी असते, नियम आहे. आणि खुलासा कशाला? याच प्रकल्पाला सगळ्या क्लबांतली बक्षिसाची ढाल मिळून राहिली यंदा. नव्या जिल्ह्यात आपलं नाव झालंय. टँकर दुरुस्त झाला की गुपचूप पाठवू."

"आणि कचेरीच्या यादीचं काय? आपण खोटं लिहिलं हे आपणच सांगितल्याशिवाय वाडीचं नाव परत लागणार नाही. तोवर त्याच विहिरीत आणखी कुणी उतरेल."

व्यंकटराव उठले. मग मान खाली घालून निघून गेले.

शेषेराव तिथेच टाइपरायटरपुढे बसले. त्यांनी लिहिलं, "मागील अंकातील तळ्याच्या वाडीची बातमी खोटी आहे. वाडीत टँकर एकदाही गेला नाही. ही बातमी संपादकाने न पाहता लिहिली." पुढे ते अडखळले आणि माणिकप्पांकडे वळले. "टँकर कुठे होता, तेही लिहावं लागेल."

"लिवा गुरुजी," माणिकप्पा म्हणाले. "माझ्या मांडवात होता. चारशे माणसांनी त्या पाण्यानं हात धुतले. लिवा." आणि त्या मोठ्या आडत्यानं कोट काढून ठेवला, बाह्या सारल्या आणि माझा दांडा स्वतः फिरवला.

खाली काळी चौकट होती. 'दुःखद निधन. नागुबाई, तळ्याची वाडी.' ती ओढताना गुरुजींनी श्वास रोखला होता की नाही ते मला दिसलं नाही, पण एक रेघ वाकडी झाली. त्यांनी ती तशीच ठेवली. शुद्धलेखनाची एक चूक खपवून न घेणारा माणूस तो!

पहिली प्रत पारूबाईच्या हातात दिली. तिनं चौकटीवरून बोट फिरवलं. बोटाला ओली शाई लागली.

"हे नागूचं नाव?"

"हो."

"वाचता येत न्हाई, पर काळी रेघ कळते," ती म्हणाली. मग तिनं तो कागद गाठीत बांधला. जुना कागद मात्र माझ्या कोऱ्या कागदांच्या पाटावर ठेवून गेली.

दुसरी प्रत शेषेरावांनी स्वतः कचेरीत नेली. तिसऱ्या दिवशी वाडीत सरकारी टँकर आला. बैल गेला नि झोपा केला, असं लोक म्हणाले. खरंच आहे. पण आणखी कुणी त्या विहिरीत उतरलं नाही, एवढं तरी झालं.

क्लबात मात्र वादळ उठलं. ढाल हुकली. दुसऱ्याच सोमवारी शेषेरावांनी कोटाची पिन घंटेशेजारी ठेवली आणि ते निघून गेले. जूनचा अंक निघालाच नाही. एक जुलैला क्लबचं नवं वर्ष लागलं. नवे अध्यक्ष आले, नवे संपादक आले, पत्रिका रंगीत कागदावर छापखान्यात निघू लागली. मला मागच्या खोलीत टाकलं. तिथे शिबिरांचे फलक आहेत, उरलेल्या घोंगड्या आहेत आणि मी आहे. शाई वाळली, दांडा गंजला, रबराचा रूळ तडकला.

भिंतीपलीकडची सभा मला ऐकू येते. बऱ्याच वर्षांनी एका सोमवारी घंटा झाली, वाढदिवस वाचून झाले आणि माणिकप्पांचा म्हातारा आवाज आला. "शेषेराव गुरुजी गेले. पुढच्या अंकात चौकटीत घ्या."

सभासदांची यादी चाळल्याचा आवाज आला. मग संपादक हळूच म्हणाले, "आप्पा, पण ते आता सभासद नव्हते ना."

आणि सभेनं वाढदिवसाचं गाणं म्हटलं. त्या दिवशी मला वाटलं, आपल्याला भंगारात घातलं असतं तर बरं झालं असतं. ज्या माणसानं माझी दोरी प्रत्येक थांब्यावर तपासली, त्याच्यासाठी एक चौकटही मला छापता आली नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तेलपाणी मागतात, फडक्यानं पुसा म्हणतात. मला तसलं काही नको. तुम्ही लिहायला शिकता आहात, उद्या तुमचं लिहिलेलं कुणीतरी खरं मानेल. म्हणून "समाधान पसरले" असं लिहिण्याआधी एकदा त्या वाडीला जाऊन या. पायी जावं लागलं तरी जा.

आणि कधी या खोलीत आलात, तर माझ्यावरची धूळ झटकून बघा. घाईत त्या दिवशीचं स्टेन्सिल कुणी काढलंच नाही. ते माझ्या अंगावर वाळून घट्ट बसलं आहे. चौकटीची एक रेघ वाकडी आहे, आणि आत नागुबाईचं नाव आहे.