आधी बाटली

दक्षिण कोरियातल्या देगू शहरातल्या त्या इस्पितळात सुनओक दिसली की सगळे एकदम हात चोळायला लागत. साथ पसरल्यापासून कोण हात स्वच्छ करतं आणि कोण टाळतं यावर नजर ठेवणं, हेच तिचं काम झालं होतं. मोठे डॉक्टरसुद्धा तिला पाहून खाटेच्या पायथ्याशी अडकवलेली सॅनिटायझरची बाटली दाबत. तिची पाठ वळली की पुन्हा जैसे थे. देखल्या देवा दंडवत, आणि ही देवी काही खुळी नव्हती.

तिचे वडील तिथेच दाखल होते. साथीचा आजार नव्हता, फुप्फुसं थकली होती. नातेवाइकांना फाटकातच अडवत. ती नोकरीतली म्हणून खाटेपर्यंत जाऊ शके. कुणाच्या हातून आलेला साधा जंतूही त्यांना झेपला नसता, म्हणून ती त्याच वॉर्डात जास्त घुटमळे. सगळ्यांना ते कळत होतं, बोलत कुणी नव्हतं.

हारिम नावाची नवी नर्स एकदा सापडली. एक आजी मुलाला हाका मारत रडत होती, आणि हारिमने तशीच धावत जाऊन तिचा हात धरला. सुनओकने तिला सगळ्यांदेखत झापलं.

"माया नंतर. आधी बाटली."

"हो, बाई," म्हणत हारिमने मान खाली घातली. पुढे वॉर्डात त्याची म्हणच झाली. कॉफीचा कप उचलतानाही कुणीतरी म्हणे, "माया नंतर."

एप्रिलमधल्या एका सकाळी तिला वॉर्डातून फोन आला. ती जिना चढून पोचली तेव्हा वडिलांचा श्वास अडखळत होता. तिला पाहून त्यांनी पांघरुणातून एक हात बाहेर काढला.

सुनओकचा हात बाटलीकडे गेला. तिने ठरवलं नव्हतं, तो आपोआप गेला. तळवे, पंज्यांची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं. यातलं काही गाळणं तिच्या हातांना येतच नव्हतं. पूर्वी चोळून चोळून पडलेल्या भेगांमध्ये आग व्हायची, आता तेही होत नव्हतं. तिने वडिलांचा हात धरला तेव्हा तो उबदार होता, पण त्यात पकड नव्हती.

डॉक्टरांनी मृत्यूची वेळ सांगितली. तिला रडू आलं नाही. काहीच वाटलं नाही. असं होऊ नये, एवढंच तिला कळत होतं.

खाटेच्या पलीकडे हारिम उभी होती. वडिलांचा दुसरा हात अजून तिच्या हातात होता.

"बाई, मी धरला होता," ती हळूच म्हणाली. "आधी चोळून."

"बरोबर केलंस," सुनओक म्हणाली.

रुग्णाला हात लावून झाल्यावरही हात चोळायचे असतात. तेही तिनेच सगळ्यांना शिकवलं होतं. तिचा हात बाटलीपाशी गेला आणि थांबला. हारिमने ते पाहिलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. सुनओक तो हात तसाच अंगापासून दूर धरून जिना उतरू लागली, कठड्याला न लावता.