कपाळावर उणे ऐंशी

मित्रांनो, माझं वय एकोणीस. तुमच्यात हे कोवळं वय, पण थंडी राखणाऱ्या पेटीचं ते म्हातारपण. मी प्रयोगशाळेतला जुना फ्रीजर आहे. माझ्या पोटात दूध नाही, भाजी नाही. रानपाखरांचं रक्त आहे, एकेका नळीत एकेक थेंब.

ते थेंब आणायचे पाखरेमामा. घरट्यांसाठी झाडांना टांगलेल्या लाकडी पेट्यांतली पाखरं ते अलगद धरत, पंखाखालच्या शिरेतून थेंब घेत, पायात रंगीत कडं घालत आणि सोडून देत. आयांचे थेंब माझ्या वरच्या कप्प्यात, बापांचे मधल्या, पिल्लांचे तळाशी. मामा म्हणत, लेकरं तळमजल्यावर खेळतात, आया गच्चीवरून लक्ष ठेवतात.

हे कशासाठी, ते आमच्या शास्त्रज्ञ बाई शाळेच्या मुलांना सांगत. "कापडाचा काठ दुमडून शिवतात ना, तशी पेशीतल्या धाग्यांच्या टोकाला दुमड असते. तिला टेलोमिअर म्हणायचं. वय वाढलं, हाल झाले, की ती झिजते. पण काही पिल्लं जन्मतःच लांब दुमड घेऊन येतात, काही आखूड. ती आईकडून येते की बापाकडून, एवढंच मला शोधायचंय."

अठरा वर्षं थेंब साठत गेले. पाहुणे आले की बाई माझ्या दारावर थाप मारून सांगत, आमचा सगळा जीव या आजोबांच्या पोटात आहे. मी आनंदानं घुमायचो.

सहायक अप्पा रोज सकाळी माझ्या कपाळावरचा तापमानाचा आकडा वहीत उतरवत. उणे ऐंशी. रोज तेच. पुढे पुढे ते दारातूनच, हातात चहा धरून, माझ्याकडे न बघताच लिहू लागले.

आणि एका उन्हाळ्यात माझी मोटर दमली. गारवा वरून सुटू लागला, पण कपाळावरचा आकडा अडकून बसला होता. धोक्याचा भोंगा त्याच आकड्यावर विसंबलेला, म्हणून तोही गप्प. आत ताप चढत होता आणि बाहेर लिहिलं होतं, सगळं ठीक. पहिल्या दिवशी वरच्या कप्प्याचं हिव गळून पडलं. दुसऱ्या दिवशी नळ्यांना घाम फुटला. मी जिवाच्या आकांतानं थरथरलो, शेजारच्या टेबलावरच्या बाटल्या किणकिणल्या. अप्पा म्हणाले, आजोबा फार कुरकुर करायला लागले. त्यांनी माझ्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली.

तिसऱ्या दुपारी मामा नव्या नळ्या घेऊन आले. वरच्या कप्प्यात हात घातला आणि तसेच थांबले.

"अप्पा, हा आज चावला नाही रे मला."

"म्हणजे?"

"अठरा वर्षं हात घालतोय. हातमोज्यातूनही गारठा चावतो. आज नाही चावला."

अप्पांनी माझ्या कपाळाकडे बोट दाखवलं.

"आकडा राहू दे. हात घाल तू."

अप्पांनी हात घातला. तसाच बाहेर काढून ते बाईंना हाका मारत धावले.

मग धावपळ झाली. तळाचे आणि मधले थेंब अजून घट्ट होते, ते शेजारच्या प्रयोगशाळेत हलवले. वरची एक नळी बाईंनी उजेडात तिरकी केली. आतला थेंब ओघळला. अशा थेंबातल्या दुमडीच्या मापावर आता भरवसा ठेवता येत नव्हता. बाई अप्पांना एका शब्दानंही रागावल्या नाहीत. इतकंच म्हणाल्या, "पिल्लं आहेत. आया गेल्या."

मामा पुन्हा रानात गेले. पण ही पाखरं दोन-तीन वर्षंच जगतात. कडी बघत महिनाभर हिंडले, तेव्हा जुन्या आयांपैकी अकरा सापडल्या. बाकीच्यांच्या पिल्लांना आईकडून काय आलं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

माझी मोटर बदलली. अप्पा आता रोज माझं दार उघडून हात घालतात, मगच वही उघडतात. मित्रांनो, ज्याला बोलता येत नाही त्याची विचारपूस लांबून करू नका. जवळ या, हात लावून बघा.

माझी घरघर मध्येच क्षणभर थांबते. पुरेसं गार झालं की थांबायचीच असते ती. पण तेवढ्यात वरच्या अकरा आया मी घट्ट आवळून धरतो, आणि मोटर पुन्हा सुरू होईपर्यंत भीत राहतो.